आबांचं खरं वय कसं काढायचं? (वर्षश्राद्ध तोंडावर आलंय)

कृष्णाकाठची :
नमस्कार मंडळी. आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, 2025 च्या माघात गेले. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. घरच्यांनी त्यांचा मोठा फोटो करायला टाकलाय आणि फोटोखाली काय लिहायचं यावर आमचं अडलंय. चुलते म्हणतात "वय वर्षे 100" लिहा, गावात सगळे तसंच म्हणतात. वडील म्हणतात जे माहीत नाही ते लिहायचं नाही.

कागदं अशी आहेत. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1931. मतदार ओळखपत्रावरच्या वयावरून 1925 येतं. आधारवर 1 जानेवारी 1930. स्वतः आबा म्हणायचे, "पूल झाला तवा आईच्या कडंवर बसून बघाय गेल्तो." पूल म्हणजे सांगलीचा आयर्विन पूल, 1929 चा. आमचं गाव नदीच्या पलीकडच्या काठाला, दिग्रजच्या बाजूला. त्यामुळे आमच्याकडे सगळ्या गोष्टी पुलाच्या आधीच्या नाहीतर पुलानंतरच्या.

गावाकडच्या घराच्या चौकटीवर आबांनी विळ्यानं खाचा पाडल्यात. प्रत्येक मोठ्या पुराची एक. 2005 ची गुडघ्याच्या वर आहे. 2019 ला आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आबांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. नव्वदीचा माणूस, अंगावर लाल जॅकेट, आणि बोटीत बसताना वडिलांना सांगतायत, "चौकट बघून ठेव रं, पाणी कुटवर आलंय." पाणी उतरल्यावर घरी गेले ते आधी विळा मागितला. ती खाच माझ्या खांद्याला लागते.

पावसाळ्यात पुण्याला मला रोज फोन. "कशी हाईस?" नंतर, आधी प्रश्न, "पुलावर किती फूट?" 45 फुटांना धोक्याची पातळी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं असेल.

त्यांचं वय नक्की करता येईल का? आणि तुमच्या घरातल्या अशा मोठ्या माणसांच्या आठवणी तुम्ही कशा जपल्यात, तेही सांगा.

बागायतदार :
ताई, आबांना नमस्कार. आमच्या वाळव्याच्या घरात 1 जूनला 5 जणांचा वाढदिवस असतो. आजोबा, दोन चुलतआजोबा, मोठी आत्या आणि आमचा जुना वाटेकरी. पेढ्याचा एकच पुडा आणायचा आणि पाच जणांना ओवाळायचं.

निवृत्त मास्तर :
1 जूनचं कारण सांगतो. शाळा जूनला सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की म्हणायचा "पेरणीच्या टायमाला झालाय" किंवा "थोरली म्हस व्याली त्याच साली." मग मास्तर पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. त्यातून मागं मोजून 1 जून. माझे वडीलही मास्तर होते, त्यांनी असे कितीतरी जन्म आपल्या हातानं लिहिलेत.

त्यामुळे दाखल्यावरचं 1931 हे आबा शाळेत गेले ते साल धरून आलेलं आहे. ते उशिरा शाळेत गेले असतील तर खरा जन्म दोन-तीन वर्षं मागं जातो. उंचीला कसे होते?

कृष्णाकाठची :
मास्तर, आबा बुटकेच होते! आणि शाळेत उशिरा गेले हे नक्की, कारण आधी दोन वर्षं म्हशी राखल्या असं ते सांगायचे. धन्यवाद. म्हणजे 1928-29 च्या आसपास जातंय.

कोयनेचं पाणी :
मला हा आकड्याचा खटाटोप पटत नाही. माझी आजी गेली तेव्हा तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं, आम्ही फोटोखाली नुसतं "आई" लिहिलं. माणूस किती वर्षं जगला यापेक्षा कसा जगला हे लिहा ना.

कृष्णाकाठची :
तुमचं म्हणणं कळतंय मला. पण आबा स्वतः मोजणारे होते. पुराचे फूट, उसाच्या सरी, म्हशीची वेतं, कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली, सगळं तोंडपाठ. गावात कुणाच्याही पोराचं वय त्यांना विचारायला लोक यायचे. आणि त्यांचंच कुणी मोजून ठेवलं नाही. मला ते सलतंय. एवढंच कारण आहे.

कोयनेचं पाणी :
मग नक्की काढा. शब्द मागे घेतो.

अपशिंगेकर :
आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात गावातले 46 जण कामी आले, त्याची शिळा गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात आमचे आजोबा भरती झाले तेव्हा सोळाचे होते, सांगितले अठरा. भरती करणाऱ्यानं छाती मोजली, वय विचारलं नाही. नंतर सगळी पेन्शन त्या अठरावरच चालली. शेवटी शेवटी आम्ही विचारायचो, "आजोबा, तुमचं वय किती?" ते विचारायचे, "सरकारी का घरचं?"
तुमच्या आबांचं घरचं वय सांगणारं कुणी उरलंय का? भाऊ, बहीण?

कृष्णाकाठची :
आबांची धाकटी बहीण आहे, आम्ही तिला आत्याआज्जी म्हणतो. तासगावला असते. कानानं कमी ऐकते पण डोकं लख्ख आहे. या रविवारी जाते.

गिरणगावकर :
विषय वाचून राहवलं नाही. आमचे आप्पा पाटण तालुक्यातले. परळला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, एका खोलीत वीस-बावीस जण, पाळीपाळीनं झोपायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुन्हा गिरणी त्यांना दिसली नाही. गावी आले. मुंबईत पंचवीस-एक वर्षं काढलेला माणूस पुन्हा नाचणीच्या शेतात उभा राहिला. कधी कुणाला दोष दिला नाही, पण सकाळी सातला घराबाहेर येऊन उभे राहायचे. मला लहानपणी वाटायचं उन्हाला उभे राहतात. मोठेपणी कळलं, ती पहिल्या पाळीची वेळ.
आप्पा वयाच्या 91 व्या वर्षी गेले. निदान आम्ही 91 धरतो.

साताऱ्याची सून :
गिरणगावकर, सकाळी सातचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

माणदेशी :
आमचं आटपाडी. जुनं औंध संस्थान. आमच्या आजोबांच्या शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे, कारण राजेसाहेबांनाच सूर्यनमस्काराचं वेड. आजोबांनी 88 व्या वर्षापर्यंत घातले. शेवटी बाजेवर बसून नुसते हात वर करायचे आणि मंत्र म्हणायचे, पण आकडा चुकू द्यायचे नाहीत.
72 च्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर मुकादम होते. सुकडीचा वास आमच्या वडिलांना अजून आठवतो. आजोबांनी स्वतःच्या वाटणीची सुकडी दोन वर्षं कधी खाल्ली नाही, खिशातून घरी आणायचे. हे आम्हाला त्यांच्या दहाव्याला एका परक्या बाईनं सांगितलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
ताई, गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा. घरच्यांना निम्मं माहीत नसतं.

पेवातली हळद :
आबांनी हळद केली होती का? त्या बाजूचे जुने शेतकरी हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात ठेवायचे.

कृष्णाकाठची :
हो! तुम्ही हरिपूरचे का? आबांच्या आईचं माहेर हरिपूर. आबा तरुणपणी पेवात उतरायचे. ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरानं खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं. घरात कुणी रागावलं असलं की आबा म्हणायचे, "आधी कंदील सोडून बघ, मग उतर."

पेवातली हळद :
मी तिथलाच. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली, आत पाणी शिरलं की पेव संपलं. आमच्या आजोबांची गेली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तुमच्या आबांचं "कंदील सोडून बघ" घरी सांगितलं, आई म्हणाली, "आपलेपण असंच म्हणायचे."

कुंडलचा :
आबांचा जन्म 28-29 चा असेल तर प्रतिसरकारच्या वेळी ते चौदा-पंधराचे असणार. काही सांगायचे का? 1943 ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली ती आमच्या भागातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं. माझ्या आजीचं लग्न त्या काळातलं, गांधी पद्धतीचं. हुंडा नाही, बँड नाही, हार घातले आणि झालं. आजी म्हणायची, "माझ्या लग्नाला सरकार आलं व्हतं, आपलं सरकार."

कृष्णाकाठची :
सांगायचे तर! उसात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायचं काम आबांकडे होतं. पोरगं म्हणून कुणाला संशय यायचा नाही. वैरणीच्या पेंडीत भाकरी बांधायच्या. कुणाला पोचवल्या त्यांची नावं त्यांना तेव्हा ठाऊक नव्हती, नंतरही विचारली नाहीत. पुढे कुणीतरी म्हणालं, स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन का मागत नाही? तर म्हणाले, "भाकरी दिली तिची पेन्शन मागायची व्हय?"
त्या वेळचं वय सांगताना म्हणायचे, "मिसरूड फुटत व्हतं."

कुंडलचा :
मिसरूड फुटत होतं म्हणजे पंधराच. 31 चा जन्म असता तर बाराचं पोरगं झालं असतं. दाखला बाद करा.

मोडी वाचक :
कागदाचा रस्ता सांगतो. जुन्या काळी गावात जन्म-मृत्यूची नोंद व्हायची, गाव नमुना 14. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्या वह्या बहुतेक ठिकाणी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, मोडीत लिहिलेल्या. अर्ज करून नक्कल मिळते. मात्र त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच.
आणि महत्त्वाचं. आबा थोरले का? पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुमच्या गावची वही शोधत बसाल आणि नोंद असेल आजोळच्या वहीत. तेव्हा हरिपूरचं बघा.

कृष्णाकाठची :
थोरलेच! हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चुलते गेले दोन महिने आमच्याच गावची वही शोधतायत.

बागायतदार :
मोडी वाचक, तुमच्यासारखी माणसं या धाग्यावर आहेत म्हणून इथं यावंसं वाटतं.

साताऱ्याची सून :
कागदाच्या पलीकडे एक सुचवू? मोबाईलमध्ये आबांचा आवाज आहे का कुणाकडे? माझ्या सासऱ्यांचे आठ-दहा व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज आहेत. सगळ्यात "जेवलीस का" एवढंच आहे. आम्ही ते तीन ठिकाणी जपून ठेवलेत. नातवंडांना ऐकवतो.
आणि बेंदराचा फोटो शोधा. शेतकऱ्याच्या घरी म्हाताऱ्या माणसाचा फोटो बैलाबरोबरच निघालेला असतो.

कृष्णाकाठची :
ताई, बरोबर सांगितलंत. बेंदराचा फोटो मिळाला. 2016 चा. आबा खिलार बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावतायत आणि बैलानं मान त्यांच्या खांद्यावर टाकलीय. हाच मोठा करून घेणार आहोत. आधीचा स्टुडिओतला रद्द.
आवाज मात्र एकच. "पुलावर किती फूट?"

वाईकर :
त्यांचं सहस्रचंद्रदर्शन केलं होतं का? कोणत्या साली केलं, त्यावरून घरच्यांनी तेव्हा कोणतं साल धरलं होतं ते कळेल. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण 80 वर्षं 10 महिने होतात.

कृष्णाकाठची :
2012 ला केलं, दाखल्यावरचं 1931 धरून. मी तेव्हा कॉलेजात होते. ताटात दिवे ओवाळत होते आणि आबा हसून म्हणाले, "हजार चंद्र कवाच झालं माझं." सगळे हसले. मीही.

पंचांगवाला :
धागा सुरुवातीपासून वाचतोय. एक विचारू का? घरात आबांना आणखी काय हाक मारायचे? लहानपणीचं नाव?

कृष्णाकाठची :
त्यांची आई त्यांना धोंडू म्हणायची. कागदावर कुठंच नाही. का विचारलंत?

निवृत्त मास्तर :
आधीची मुलं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू अशी नावं ठेवायचे, वाईट नजर लागू नये म्हणून. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन असायचे.

पंचांगवाला :
मास्तर, तसं असतंच. पण आबा थोरले, त्यांच्या आधी मूल नाही. मग धोंडू कशावरून? दुसरं कारण म्हणजे धोंड्याचा महिना. अधिक मासात जन्मलेल्या पोराला धोंडू म्हणायची पद्धत होती.
तसं असेल तर हिशेब सोपा आहे. 2023 ला अधिक श्रावण आला होता. साधारण 19 वर्षांनी तोच अधिक महिना परत येतो. मागं जा : 2004, 1985, 1966, 1947, 1928. 15 ऑगस्ट 1947 लाही अधिक श्रावणच चालू होता. 1928 चा अधिक श्रावण म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. शके 1850, विभवनाम संवत्सर. त्यानंतरचा अधिक मास थेट 1931 चा आषाढ, पण तोवर पूल होऊन गेला होता, म्हणजे कडेवर बसून बघायला गेले हे जमत नाही.
आत्याआज्जींना एवढंच विचारा : आबा पावसाळ्यातले का?

अपशिंगेकर :
रविवारची वाट बघतोय.

माणदेशी :
आम्ही पण.

कृष्णाकाठची :
काल तासगावला जाऊन आले. लांबलं तरी सगळं लिहिते.

आत्याआज्जीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आज्जी, आबा कोणत्या महिन्यातले?" ती म्हणाली, "धोंड्यातला की. म्हणून तर धोंडू." इतक्या सहज, जणू सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी विचारलं, मग कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, "कुणी इचारलं?"

मग तिच्या आईनं तिला सांगितलेली गोष्ट तिनं मला सांगितली. पणजी बाळंतपणाला हरिपूरला होती. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला जेवायला बोलवायचं. नवं धोतर घेऊन ठेवलेलं, अनारसे तळलेले. आणि नदीला पाणी आलं. पुलाचं काम चाललेलं, खांब उभे होते, पण जायचं ते नावेतनंच, आणि नावाडी नाव घालेना. पणजोबा पलीकडच्या काठाला येऊन उभे राहायचे आणि माघारी जायचे. असं किती दिवस, ते आज्जीला सांगता येईना. त्यातच आबा झाले. पाणी उतरल्यावर पणजोबा पोचले तेव्हा धोंड्याचा महिना संपला होता. पोराला हातात घेऊन ते पहिलं म्हणाले, "लई थांबवलंस रं धोंडू." तेच नाव राहिलं.

आज्जी हे सांगत होती आणि मला 2023 चा श्रावण आठवत होता. मी सुट्टीला गावी होते. आबा ओट्यावर बसून आईला म्हणाले, "सूनबाई, माजा म्हैना आला. आनारसं कर." आईला वाटलं म्हातारपणी काहीतरी खावंसं वाटतंय. तिनं केले. आबांनी एक खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला आणि एक चौकटीपाशी ठेवून आले. आम्ही मुंग्या होतील म्हणून तो उचलून टाकला.

त्या दिवसांत ते 95 पूर्ण झाले होते. गेले तेव्हा 96.

मोडी वाचक, हरिपूरच्या वहीसाठी अर्ज केला होता. रेकॉर्डमध्ये 1928 च्या वह्या नाहीत, पुढच्याच आहेत. पण आता मला त्याची गरज वाटत नाही. चुलत्यांना फोनवर आत्याआज्जीची गोष्ट सांगितली. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "शंभर नको. धोंड्याचंच लिही." फोटोखाली ही ओळ द्यायला सांगितली आहे :

जन्म : हरिपूर, अधिक श्रावण, शके 1850

गिरणगावकर :
ताई, तो एक अनारसा.

पंचांगवाला :
पुढचा अधिक श्रावण 19 च्या हिशेबानं 2042 ला. घरात लिहून ठेवा.

कृष्णाकाठची :
लिहिलं. चौकटीच्या आतल्या बाजूला, 2019 च्या खाचेच्या वर.